उजव्या कुशीवर

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी अंथरुणातच होतो. दसरा नुकताच होऊन गेला होता. पहाटे जाग आली, उजव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरायला लागली. डोकं जड होणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, असलं काही नव्हतं. पंखा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर, सगळं एका बाजूला घसरत जायचं आणि वर येऊन पुन्हा घसरायचं. मी पलंगाची कड घट्ट धरून पडून राहिलो. थोड्या वेळानं सगळं आपापल्या जागी आलं. शेजारी ग्लॅडिस शांत झोपली होती. मी तिला उठवलं नाही.

त्या दिवशी मी ते अपुऱ्या झोपेवर ढकललं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना हनुवटीखालून वस्तरा फिरवायला मान वर केली, आणि बेसिन धरून उभं राहायची वेळ आली.

माझं नाव स्टीफन सातपुते. मी दौंडला रेल्वेत आहे. रुळांवरून ज्या विजेच्या तारा जातात त्यांची देखभाल आमची गँग करते. रुळांवर चालणारी मचाणाची गाडी म्हणजे टॉवर वॅगन, तिच्या माथ्यावर उभं राहायचं, मान वर करायची आणि तार, क्लॅम्प, इन्सुलेटर तपासत जायचं. नोकरीचं सगळं आयुष्य मी मान वर करून काढलं आहे. सुट्टीच्या दिवशीही मान वरच, कारण छंद पक्ष्यांचा. रेल्वे कॉलनीत काही लोक मला ‘पाखरेसाहेब’ म्हणतात. त्यात चेष्टा किती आणि माया किती, हे मी कधी शोधत बसलो नाही.

चक्कर कुणालाही येते. मी घाबरलो ते वडिलांमुळं. माझे वडील, फिलिप सातपुते, शिरूरला शिक्षक होते. मी कॉलेजात असताना त्यांना एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता चक्कर आली. मग वरचेवर यायला लागली. पुण्याला नेलं, तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. तेव्हा त्यांचं जे वय होतं, त्याच वयात मी आता होतो.

म्हणून मी डॉक्टरकडे गेलो नाही. गेलं की ते नाव ऐकावं लागणार, असं मनानं ठरवूनच टाकलं होतं. डॉक्टरऐवजी मी मोबाइलला विचारलं. डबा खाऊन झाला की मी स्टोअररूमच्या मागं एकटा बसायचो आणि शोधायचो. मान वर केल्यावर चक्कर. कुशीवर वळल्यावर चक्कर. मोबाइलनं मला साध्या आजारांची नावंही दाखवली असतील, पण माझी नजर गाठीवरच जाऊन थांबायची. एकदा दोनदा शोधलं तर फोनला माझी दिशाच कळली. मग मी भजनं लावायला गेलो तरी आधी कुणीतरी पांढरा कोट घातलेला माणूस यायचा आणि ‘ही पाच लक्षणं असतील तर सावध व्हा’ म्हणायचा. शेवटी कसला तरी रस विकायचा. रस मी घेतला नाही. लक्षणं मात्र सगळी मनात भरून ठेवली.

वॅगनवर चढायचं नाही, एवढं मात्र पक्कं केलं. वर मी भोवंडलो तर माझ्याबरोबर दुसराही कुणी जायचा. साहेबांना गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि खालचं काम मागून घेतलं. घरी ग्लॅडिसला म्हटलं, ॲसिडिटी आहे, आडवं झालं की घशाशी येतं. मग हॉलमधल्या खुर्चीत उशा लावून, अर्धवट बसूनच झोपायला लागलो. ती आधी ओव्याचं पाणी द्यायची. नंतर नुसती बघायची आणि आत निघून जायची.

पक्षी बघणंही अर्धं सुटलं. झाडावरचा पक्षी म्हणजे मान वर. मग मी राहू गावाकडं नदीवर जाऊन बसायचो. तिथं बगळे, शेकाटे, चित्रबलाक सगळे डोळ्यांच्या पातळीत. त्यांचे फोटो काढायचे आणि ‘पाखरांची चावडी’वर टाकायचे.

‘पाखरांची चावडी’ हा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. शिरूर, दौंड, श्रीगोंदा भागातली पक्षीवेडी माणसं त्यात आहेत. बहुतेकांनी एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत. त्यात माझं सगळ्यात जमायचं ते कवठे येमाईच्या रविराजशी. फोटो बेताचे, जुन्या फोनवरून काढलेले, पण पोराची नजर विलक्षण. कुठल्या बांधावर टिटवीनं अंडी घातली, कुठल्या बाभळीवर खाटीक पक्ष्यानं काट्याला सरडा टोचून ठेवला, सगळं त्याला ठाऊक. लिहायचा मात्र जसा बोलेल तसा, एका दमात, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम. ग्रुपबाहेरही आमचं बोलणं चालायचं. मी त्याला कॅमेऱ्याच्या चार गोष्टी सांगायचो, तो मला रानातलं सांगायचा. त्यालाच पहिल्यांदा माझं काहीतरी बिनसल्याचं लक्षात आलं. त्यानं लिहिलं, ‘सर आजकाल तुम्ही पान्यातलीच पाखरं टाकता झाडावरची रुसली का काय’.

मी उत्तरादाखल नदीवरच्या बगळ्याचा आणखी एक फोटो पाठवला.

डिसेंबर लागला तेव्हा त्याचा आणखी एक मेसेज आला. ‘सर इहिरीवरच्या आंब्यावर पांढरं पाखरू उतरलंय शेपूट हातभर लांब चार दिस झालं इथंच हाय या’.

सोबत फोटो होता. हललेला, धूसर. पण ती पांढरी शेपटी चुकण्यासारखी नव्हती. स्वर्गीय नर्तक. तरुणपणापासून मी तो शोधत होतो. दोनदा माझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी तो उडून गेला होता. मी ठरवलं, हा बघून घ्यायचा. मग नाताळ होऊ द्यायचा, आमची लेक जेसिका पुण्याहून सुट्टीला येईल, चार दिवस सगळे एकत्र राहू. आणि जानेवारीत डॉक्टर. पुढं जे असेल ते असेल.

शनिवारी सकाळी निघालो. ग्लॅडिसनं डबा दिला आणि विचारलं, “कुणाकडं चाललात?”

“कवठे येमाईला. रविराज म्हणून एक पोरगा आहे ग्रुपमधला.”

“रविराज,” ती म्हणाली. नुसतंच नाव घेतलं आणि दार लावून घेतलं.

सरळ बसलं की मला काही व्हायचं नाही, त्यामुळं मोटारसायकल चालवायची भीती नव्हती. केडगाव, पारगाव, न्हावरं करत शिरूरला आलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. मलठणच्या पुढं कांद्याच्या लागणी चालल्या होत्या, थंडी अजून हवेत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळं वाटत होतं. त्याच वेळी मनात येत होतं की हा रस्ता पुन्हा दिसेल की नाही कोण जाणे. दोन्ही एकदमच वाटत होतं, ते कसं ते मला सांगता येणार नाही.

कवठ्याच्या स्टँडवर गाडी लावून रविराजला पहिल्यांदाच फोन केला. उचलला तो एका बाईनं.

“सातपुते सर का? आलात व्हय? थांबा तिथंच, मी आलेच.”

“रविराज आहे का घरी?”

“त्यो रांजणगावला कंपनीत गेलाय, फस्ट शिफ हाय त्याची. तुम्ही थांबा वो.”

थोड्या वेळानं एक साठीच्या आसपासची बाई स्कुटीवरून आली. पातळावर पुरुषी फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. समोर येऊन थांबली आणि शर्टाच्या खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. वर आमचंच बोलणं उघडलेलं होतं.

“सर, मीच त्यो,” ती म्हणाली. “म्हंजी मीच ती. सोजराबाई. रविराजची आई.”

मी हिला दोन वर्षं ‘मित्रा’ म्हणत आलो होतो. मधे एकदा तर लिहिलं होतं, ‘हा फोटो आईला दाखव, तिला आवडेल.’ आणि उत्तर आलं होतं, ‘दाखवला आवडला’.

“फोन पोराचा जुना,” सोजराबाई सांगायला लागल्या. “त्यात त्याचंच नाव हुतं, मला काय बदलाया आलं न्हाई. लिहायचंबी मी त्यात बोलूनच लिहिते. मग गुरुपमधी सगळी रविराजराव, रविराजभाऊ म्हणाया लागली. म्हटलं ऱ्हाऊ द्या. बाईमाणूस हाय म्हटलं की रोज सकाळी गुलाबाची फुलं येत्यात. माझ्या जावंच्या फोनवर बघितलंय ना मी. मला पाखरं बघायची व्हती, फुलं न्हाई.”

मी हसलो. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, “चला, ऊन चढलं की पाखरू झाडात शिरतंय.”

माझी गाडी स्टँडवरच ठेवून मी त्यांच्या स्कुटीवर मागं बसलो. वस्तीवर त्यांचे यजमान जयसिंगआबा गोठ्यापुढं कडबा तोडत होते. धोतर, बंडी, मिशा. त्यांनी मला बघून मान हलवली आणि बायकोला म्हणाले, “आला का तुझा पाखरावाला? चहा टाकू का मी?” बायकोच्या या नादाचं त्यांना काही विशेष वाटत नसावं.

विहिरीपाशी जुना आंबा होता, दाट, काळपट पानांचा. आम्ही पाटाच्या कडेनं हळूहळू जवळ गेलो. सोजराबाईंनी माझं कोपर धरून थांबवलं आणि बोटानं वर दाखवलं.

मान वर करायची की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. आणि केली.

तो अगदी बाहेरच्या फांदीवर होता. काळंभोर डोकं, बाकी पांढराशुभ्र, आणि ती शेपटी, दोन रिबिनी सोडल्यासारखी. त्यानं एक माशी टिपायला झेप घेतली, शेपटी त्याच्यामागून लहरत गेली, आणि त्याबरोबर आंबा कलला. आंबा कलला, विहीर कलली, आभाळ एका बाजूला ओतल्यासारखं वाहून गेलं. मी काहीतरी धरायला हात पुढं केला. हाताला काही लागलं नाही.

डोळे उघडले तेव्हा मी ओल्या मातीत बसलो होतो आणि सोजराबाईंनी मागून मला दोन्ही हातांनी धरलं होतं. मला उलटी झाली. त्यांनी ओंजळीनं पाटाचं पाणी घेऊन माझं तोंड पुसलं, जसं लेकराचं पुसतात तसं.

“हिरीच्या अंगाला न्हाई पडलात, देवाची कृपा,” त्या म्हणाल्या. “कवापासनं व्हतंय हे?”

“दसऱ्यापासून.”

“झोपून कूस बदलली की व्हतं?”

“हो.”

“एकाच कुशीवर? का दोन्हीबी?”

मी त्यांच्याकडं बघितलं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कोण, मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

“उजव्या,” मी म्हटलं.

“आन् वर बघितलं की. वाकून उठलं की. मिनिटभर गरगरतंय आन् मग काय न्हाई.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मला झालं हुतं की. मागल्या सालच्या आदल्या साली. चुलीपुढनं उठायची सोय न्हाई. ह्यांनी देवाला नेलं, मांत्रिकाकडं नेलं, सलाइन लावली. मग रविराज शिरूरला कानाच्या डाक्टरणीकडं घेऊन गेला. तिनं डोकं धरून असं फिरवलं, तसं फिरवलं, झालं. कानात खडे असत्यात म्हणं बारीक, ते जागचं हाललं की असं व्हतंय.”

कानात खडे. मला त्या बाईचा रागच आला. माझे वडील ज्यानं गेले त्याला ही खडे म्हणत होती.

“माझं तसं नाही,” मी म्हटलं.

“नसंल,” सोजराबाई म्हणाल्या. “मी काय डाक्टर न्हाई. माझं ते हुतं म्हणून तुमचंबी तेच आसंल, आसं मी म्हणत न्हाई. पण दाखवाया काय जातंय? आत्ता उठायचं आन् जायचं. आहो, जीप काढा.” शेवटचं वाक्य त्यांनी गोठ्याकडं तोंड करून म्हटलं होतं.

मी नको म्हणून पाहिलं. नाताळ होऊ द्या, म्हटलं. जयसिंगआबांनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्यांनी जीप दारात आणली, मला पुढं बसवलं आणि पायाशी एक बादली ठेवली. मोटारसायकल स्टँडवरून वस्तीवर आणून ठेवायला कुणाला तरी फोन केला.

रस्त्यानं जाताना मी वडिलांचं सांगितलं. ग्लॅडिसला सांगितलं नव्हतं ते ओळख होऊन दोन तासही न झालेल्या माणसांना सांगत होतो. फळ्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळं सांगून टाकलं. जयसिंगआबांनी एका उसाच्या ट्रॉलीला बाजू दिली.

“माझा बाप बैलानं भोसकल्यानं गेला,” ते मग म्हणाले. “मी आजून बैलं पाळतो.”

शिरूरच्या दवाखान्यात गर्दी होती. कान, नाक, घशाच्या डॉक्टर अनुपमा मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी सगळं निवांत विचारलं. बोलताना जीभ अडखळते का, एक वस्तू दोन दिसते का, हातापायाला मुंग्या, चालताना झोक जातो का, डोकं दुखतं का. सगळ्याला मी नाही म्हटलं. त्यांनी बोटं नाकाला लावायला सांगितली, सरळ रेषेत चालवलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग म्हणाल्या, “आता मी तुम्हाला चक्कर आणणार आहे. डोळे मिटायचे नाहीत. मला तुमचे डोळेच बघायचेत.”

मला टेबलावर बसवून त्यांनी माझं डोकं उजवीकडं वळवलं आणि झटकन आडवं केलं. मान टेबलाच्या कडेखाली. क्षणभर काहीच नाही. मग दवाखान्याचं छत सुटलं. मी टेबल पकडून ओरडलो असेन, मला आठवत नाही. त्या मात्र माझं डोकं दोन्ही हातांत धरून शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

“छान,” त्या म्हणाल्या. “अगदी पुस्तकात असतं तसं. उजवा कान. आता असेच राहा, ते थांबेल.”

थांबलं. मग त्यांनी माझं डोकं सावकाश डावीकडं वळवलं आणि थांबल्या. मग सगळ्या अंगानं डाव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडं, आणि पुन्हा थांबल्या. मग बसवलं. एवढंच. दवा नाही, सुई नाही. थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखं उजवीकडं वळवून झटकन आडवं केलं. मी दातओठ आवळून छताकडं बघत राहिलो.

छतावर एक पाल होती. ती जागची हलली नाही. छतही नाही.

“काही होतंय?”

“नाही,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “मॅडम, काहीच होत नाही.”

“मग उठा.”

मी उठून बसलो. त्यांनी समजावून सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यांत चुन्यासारखे बारीक कण भरकटले की असं होतं, वयानं होतं, फार जणांना होतं. परत होऊ शकतं, झालं तर परत बसवता येतं. मी वडिलांचं विचारलं. एमआरआय करायचा का, म्हटलं.

“तुमच्या वडिलांचं वेगळं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आज तरी त्याची गरज मला दिसत नाही. मघाशी विचारलं त्यातलं काही झालं तर एक दिवसही थांबू नका. पण एक सांगू? तुमचं बीपी वाढलेलं आहे. चक्कर त्याची नाही, पण ते असं सोडून चालणार नाही. साखरही तपासून घ्या. या वयात खरी काळजी त्याची करायची.”

बीपी वाढलेलं ऐकून आनंद झालेला माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसेल. मला रडू आलं. मी रुमाल शोधत होतो आणि हसतही होतो. मॅडमनी पुढच्या पेशंटला हाक मारायला थोडा वेळ लावला.

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि ग्लॅडिसला फोन लावला. दसऱ्यापासूनचं सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “तिथंच थांबा. मी येतेय.”

आज एकट्यानं गाडी चालवायची नाही, असं मॅडमनी सांगितलंच होतं. ग्लॅडिसचा भाऊ जॉय शिरूरलाच राहतो, त्याच्याकडं मुक्काम करायचं ठरलं. पण मी घरच्या माणसाच्या हवाली होईपर्यंत सोजराबाई हलायला तयार नव्हत्या. जयसिंगआबांनी बाजारात दोन कामं उरकली. आम्ही तिघांनी ग्लॅडिसनं दिलेला डबा खाल्ला, वर भेळ खाल्ली. इतकी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

दुपारी आम्ही एसटी स्टँडवर गेलो. ग्लॅडिस एसटीतून उतरली. तिनं आधी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग सोजराबाईंकडं बघितलं.

“ह्या कोण?”

“ह्या रविराज,” मी म्हटलं.

ग्लॅडिसनं स्टँडवरच्या बाकावर बूड टेकलं. मग इतके दिवस साठवलेलं ती सोजराबाईंनाच सांगायला लागली, मला नाही. “बाई, दोन महिने हे माझ्याशी धड बोलत नाहीत. मी खोलीत आले की फोन उपडा. झोपायला बाहेर. विचारलं की ॲसिडिटी. ॲसिडिटी कुणी एवढी लपवतं का? म्हटलं, ह्या वयात ह्यांना कुणीतरी भेटलं. एक दिवस फोन हातात सापडला तर सगळा रविराज, रविराज. वाचलं तर नुसती पाखरं. म्हटलं, हे नाव खोटं असणार. ह्यामागं बाई आहे.”

“बाई तर हायच की,” सोजराबाई म्हणाल्या.

मग ग्लॅडिसला हसू फुटलं. ती अशी हसायला लागली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि सोजराबाईंनी तिचा हात हातात घेतला. जयसिंगआबा एसटीचं वेळापत्रक वाचत उभे राहिले.

पुढचं आधी सांगून टाकतो. सोमवारी मी रेल्वे हॉस्पिटलात जाऊन सगळं खरं सांगितलं, साहेबांना गुडघ्याचंही. त्यांनी तपासण्या केल्या, काही दिवस खालीच काम दिलं. मधे एकदा हलकंसं गरगरलं, तेव्हा पुन्हा शिरूरला जाऊन डोकं फिरवून घेतलं. मग वर जायची परवानगी मिळाली. बीपीची गोळी सकाळी चहाआधी. साखर काठावर आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. जॉयकडं मी पाठ टेकून, आडवा, सकाळपर्यंत झोपलो. रविवारची उपासना शिरूरच्याच चर्चमध्ये केली. नंतर जॉयनं आम्हाला गाडीनं कवठ्याला सोडलं. सोजराबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ग्लॅडिसला त्यांनी आपल्या फोनवरचे फोटो दाखवले, आणि ग्लॅडिसनं बोटं फिरवून फोनमधलं रविराजचं नाव काढून त्यांचं नाव घालून दिलं. दुपारी आम्ही दोघं मोटारसायकलवर दौंडला निघालो. मी हळू चालवत होतो. मागं बसून ती एकेका पक्ष्याचं नाव विचारत होती आणि लगेच विसरत होती.

पारगावच्या पुलावर ती म्हणाली, “जरा थांबवा.”

खाली भीमेत पाणी चांगलं होतं. आम्ही कठड्याशी उभे राहिलो. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते आणि ते मागं सारायला ती डावा हातच वापरत होती.

“मलाही एक सांगायचंय,” ती म्हणाली. “माझा उजवा हात खांद्यापासून वर जात नाही. गणपती झाल्यापासून. वेणी घालता येत नाही, म्हणून तर मी एका हातानं चाप लावायला लागले. तुम्हाला वाटलं असेल फॅशन.”

मला काहीच वाटलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“का नाही सांगितलंस?”

“तुम्ही का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. पण रागानं नाही. “मावशीला कॅन्सर झाला तेव्हा आधी हातच दुखायचा तिचा.”

मी तिचा हात धरून हळूच वर न्यायला बघितला. खांद्याच्या जरा वर गेला आणि तिनं ओठ दाबला. मी सोडून दिला.

“उद्या जाऊ,” मी म्हटलं. “मी रेल्वे हॉस्पिटलात जाणारच आहे. तुझं आधी दाखवू.”

“नाताळ होऊ द्या की.”

“नाही,” मी म्हटलं. “उद्या.”

तिनं मान हलवली. पुलाच्या पलीकडं एक टपरी होती. चहावाल्यानं आलं ठेचून घातलं, बसायला स्टूल दिलं. चहा गरम होता, आणि कुणालाही घरी जायची घाई नव्हती.